हायड्रॉलिक सिलिंडरची गळती व तिची दुरुस्ती

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा गोव्याकडे उतरणाऱ्या हमरस्त्यावरील एखाद्या गॅरेजात गेले असता, लाकडी ओंडक्यांवर आडवा ठेवलेला, तेलाने माखलेला, पुरुषभर लांबीचा एक लोखंडी नळा हटकून दृष्टीस पडतो. शेजारी यंत्राचा मालक येरझारा घालीत असतो आणि "सील टाका आणि संध्याकाळपर्यंत सोडा" एवढे एकच वाक्य पुनःपुन्हा म्हणत असतो. हा नळा म्हणजे पोकलेनचा वा जेसीबीचा हायड्रॉलिक सिलिंडर. मालकाची घाई आम्हांस समजते; यंत्र उभे राहिले तरी बँकेचा हप्ता थांबत नाही. परंतु सील टाकणे म्हणजेच सिलिंडर दुरुस्त करणे, ही जी समजूत आमच्या धंद्यात मालकांपासून मिस्त्रींपर्यंत पसरलेली आहे, ती आम्हांस मान्य नाही. सील हा बहुतेक वेळा साक्षीदार असतो. गुन्हेगार दुसरीकडेच दडलेला असतो. साक्षीदाराला कचऱ्याच्या डब्यात टाकून त्याच्या जागी नवा उभा केला, तर काही दिवसांनी त्याचीही तीच गत होते.

या स्मरणिकेचे सर्वच वाचक यंत्रांच्या धंद्यातले नाहीत, हे आम्ही जाणून आहोत. तथापि आपल्या मंडळींपैकी पुष्कळांच्या दारात आज एखादा जेसीबी, टिपर किंवा ट्रॅक्टर उभा आहे, आणि कित्येकांचे मुलगे आय. टी. आय. पुरी करून याच कामास लागले आहेत. त्यांच्यासाठी, आणि घरात बसून "एवढ्याशा रबराला इतके पैसे कसे?" असे विचारणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठीही, हा विषय थोडा विस्ताराने मांडीत आहोत.

प्रथम नावांविषयी दोन शब्द. पोकलेन हे मूळचे एका फ्रेंच कारखान्याचे नाव. आपल्याकडे साखळीच्या पट्ट्यावर चालणाऱ्या कोणत्याही खोदाई यंत्रास ते कायमचे चिकटले. जेसीबी ही जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज गृहस्थाच्या नावाची आद्याक्षरे. त्यांनी आपला धंदा १९४५ साली सुरू केला. यंत्र कोणाचेही असो, त्याचे सामर्थ्य त्याच्या सिलिंडरांत असते. बूम उचलणारा, आर्म ओढणारा आणि बकेट वळविणारा, असे ते निरनिराळे असले तरी आतील रचना एकाच जातीची.

ती रचना अशी. एक जाड भिंतीचा पोलादी नळा. त्याचे एक टोक कायमचे बंद. दुसऱ्या टोकाला भोक असलेले झाकण, ज्यास ग्लँड म्हणतात. त्या भोकातून आतबाहेर करणारा चकचकीत दांडा, म्हणजे रॉड. आणि रॉडच्या आतील टोकाला नटाने आवळलेला पिस्टन. पंपाने पाठविलेले तेल पिस्टनच्या पाठीमागे शिरले की रॉड बाहेर येतो, पुढच्या बाजूने शिरले की आत जातो. कोंडलेल्या द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे ब्लेझ पास्कल या फ्रेंच पंडिताने दाखवून दिले. त्याचा या विषयावरील ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली प्रसिद्ध झाला. तत्त्व हाती आले खरे, पण त्यावर चालणारे यंत्र उभे राहावयास सव्वाशेहून अधिक वर्षे गेली. लंडनचे प्रसिद्ध कुलपे करणारे जोसेफ ब्रामा यांनी १७९५ साली पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले, तेव्हा त्यांना छळणारी अडचण हीच होती, की दाब चढला की दट्ट्याच्या कडेने पाणी बाहेर येई. पॅकिंग घट्ट आवळावे तर दट्ट्या जागचा हलेना, सैल सोडावे तर गळती थांबेना. यातून वाट काढली ती चामड्याच्या दुमडलेल्या कड्याने, आणि तिचे श्रेय बहुधा त्यांच्याच कारखान्यातील हेन्री मॉडस्ले यांना देतात. या कड्याच्या घडीत दाबाखालचे पाणीच शिरते आणि त्याचे ओठ दट्ट्यावर दाबून धरते. दाब जितका अधिक, तितकी पकड घट्ट. दाब उतरला की पकडही सैल. आज चामड्याची जागा पॉलियुरेथेनने घेतली आहे, परंतु आम्ही ग्लँडमध्ये जे सील बसवितो त्याचा काटछेद पाहिला तर ओठांची तीच घडी दिसते. सील उलटे बसले तर ते काहीच का अडवीत नाही, याचेही उत्तर या घडीत आहे.

आता थोडे अंकगणित, कारण त्यावाचून पुढचे समजणार नाही. समजा नळ्याचा आतला व्यास ११० मिलिमीटर आणि रॉडचा ७० मिलिमीटर आहे. पिस्टनच्या पाठीमागचे क्षेत्रफळ ९५ चौरस सेंटिमीटर भरते. पुढच्या बाजूस रॉडने ३८.५ चौरस सेंटिमीटर अडविलेले असतात, म्हणून तेथे ५६.५ एवढेच उरतात. दर चौरस सेंटिमीटरला ३०० किलो दाब धरला, आणि मोठ्या पोकलेनमध्ये तो याहूनही चढतो, तर हा सिलिंडर ढकलताना सुमारे २८ टन आणि ओढताना सुमारे १७ टन जोर लावतो. हा सारा जोर धातू सोसतो. पण तेल जागच्या जागी अडवून धरण्याचे काम बोटाएवढ्या जाडीच्या कड्यांवर असते. रबराच्या किमतीविषयी तक्रार करणाऱ्यांनी हे आकडे एकदा मनात घोळवून पाहावेत.

ही कडी एकच नसतात. ग्लँडच्या तोंडाशी वायपर असतो. तो तेल अडवीत नाही, रॉडवर बसलेली धूळ-चिखल बाहेरच पुसून टाकतो. त्याच्या आत रॉड सील, मोठ्या यंत्रांत त्याच्याही आत दाबाचे धक्के सोसणारे बफर सील. ग्लँड आणि नळा यांच्यामध्ये ओ-रिंग. पिस्टनवर पिस्टनचे सील. आणि रॉड व पिस्टन दोन्हीकडे गाइड रिंगा, ज्यांना पुष्कळजण क्षुल्लक समजतात. गाइड रिंग तेल अडवीत नाही. ती रॉडला मध्यावर धरून ठेवते. तिचे काम बिघडले की रॉड एका बाजूस रेलतो आणि सीलचा ओठ त्या बाजूने खाल्ला जातो. सील किट घेताना गाइड रिंगा वगळून पैसे वाचविणारे मालक आम्ही पुष्कळ पाहिले. त्यांचे पैसे दोन महिन्यांपुरते वाचतात.

गळती म्हणावे कशाला, हेही ठरविले पाहिजे. बाहेर आलेल्या रॉडवर तेलाचा पुसटसा थर असणे हे सिलिंडर निरोगी असल्याचे चिन्ह आहे. अगदी कोरडा रॉड सील जाळतो. परंतु ग्लँडच्या खाली थेंब लोंबू लागला, किंवा रॉडवर ओली चकती उमटून ती दर फेरीला जाड होऊ लागली, की काम हाती घ्यावे. सेकंदाला एक थेंब ही गळती नजरेला किरकोळ वाटते. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर आठ तासांच्या पाळीत जवळजवळ दीड लिटर तेल जमिनीत जाते. तेल जाते त्याचे नुकसान आहेच, त्याहून वाईट हे की ज्या वाटेने तेल बाहेर येते त्याच वाटेने धूळ आत शिरते. आणि ती सिलिंडरात न थांबता टाकीत, पंपात, व्हॉल्व्हमध्ये फिरते. पंपाची किंमत आम्ही येथे लिहीत नाही, वाचकांचा दिवस कशास खराब करावा?

गळती शोधताना पाळावयाचा एक नियम आम्ही आमच्या प्रत्येक नव्या पोरास पहिल्या दिवशी सांगतो, आणि येथेही ठळकपणे सांगतो. दाबाखाली असलेल्या पाइपावर किंवा ग्लँडवर हाताने चाचपून गळती शोधू नये. सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून निघालेली तेलाची धार डोळ्यांस दिसत नाही, पण ती कातडी भेदून आत शिरते. त्यासाठी यंत्राचा पुरा दाबही लागत नाही, त्याचा अल्पसा अंशही पुरतो. जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, पहिला तासभर फारशी दुखतही नाही, आणि म्हणूनच माणूस चिंधी गुंडाळून कामाला लागतो. आत मात्र तेल स्नायूंच्या पदरांतून पसरत असते आणि मांस मारीत असते. अशा वेळी हळद वा मलम न लावता तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या इस्पितळात जावे, आणि "तेल दाबाने आत गेले आहे" हे शब्द डॉक्टरांस स्वतःहून सांगावेत. कोणते तेल तेही सांगावे. वेळ दवडल्याने बोटे गमावलेले लोक या धंद्यात आहेत. गळती शोधण्यास पुठ्ठ्याचा तुकडा लांब धरून फिरवावा. धार असेल तर पुठ्ठा भिजतो.

दुसरी एक फसवणूक नेहमी होते. होजच्या जोडापाशी झिरपणारे तेल वाऱ्याने व हादऱ्याने ग्लँडपर्यंत येते आणि दोष सिलिंडरवर जातो. म्हणून सिलिंडर उतरविण्याआधी तो स्वच्छ धुऊन, कोरडा पुसून, दहा मिनिटे काम करून पाहावा. या दहा मिनिटांत पुष्कळांचा पुरा दिवस वाचतो.

बाहेरची गळती दिसते तरी. आतली दिसत नाही. पिस्टनच्या सीलमधून तेल एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस सरकू लागले की यंत्राचा जोर कमी होतो, काम मंदावते. उचललेला बूम आपोआप खाली बसू लागला की बहुतेक लोक "पिस्टनचे सील गेले" असे म्हणून मोकळे होतात. येथे जरा थांबून विचार केला पाहिजे. बूमचे वजन रॉडला आत ढकलीत असते. रॉड आत यावयाचा तर त्याच्या आकारमानाइतके तेल सिलिंडरातून बाहेर गेले पाहिजे. पिस्टनचे सील पुरते फाटले असले तरी तेल केवळ मागून पुढे जाईल, नळ्याबाहेर नव्हे. म्हणजे दोन्ही वाटा व्हॉल्व्हने खरोखर बंद धरल्या असतील, तर फक्त पिस्टनच्या सीलमुळे बूम भराभर खाली येऊ शकत नाही. तो येत असेल तर व्हॉल्व्हवर संशय घेणे भाग आहे. भार रॉडला बाहेर ओढणारा असेल तर गोष्ट निराळी. तेथे पुढचे तेल मागे सरकते, मागे पोकळी राहते, आणि रॉड खरोखरच बाहेर येतो.

मग बूमच्या सिलिंडरात पिस्टनचे सील गेल्याने काय होते? वरच्याच मापाच्या सिलिंडरवर १० टन भार तोलून धरला आहे असे समजा. सील शाबूत असता पाठीमागे दर चौरस सेंटिमीटरला १०५ किलो दाब असतो, आणि पुढे, ग्लँडच्या बाजूस, जवळजवळ काहीच नसतो. सील गेले की दोन्हीकडचा दाब सारखा होतो, आणि तोच १० टन भार आता केवळ रॉडच्या ३८.५ चौरस सेंटिमीटरवर तोलला जातो. दाब २६० वर चढतो. ग्लँड, जो या वेळी विश्रांती घेत असावयास हवा, त्याच्यावर हा सारा दाब तासन्‌तास बसतो. त्यामुळे यंत्र काम करताना जो ग्लँड बरा वाटतो तो बूम उचलून उभा ठेवल्यावर गळू लागला, तर ग्लँडचे सील बदलण्यापूर्वी पिस्टनकडे पाहावे. याची परीक्षा अवघड नाही. रॉड पुरता बाहेर काढून, बकेट जमिनीवर टेकवून, दाब उतरवून, पुढच्या बाजूचा होज सोडावा. यंत्राकडील होजच्या तोंडाला झाकण आवळावे आणि सिलिंडरच्या तोंडास लांब नळी लावून ती बादलीत सोडावी. मग इंजिन चालवून, सर्वांनी दूर उभे राहून, पाठीमागे दाब द्यावा. सुरुवातीचे थोडे तेल येऊन थांबले तर सील ठीक. धार चालूच राहिली तर सील गेले. मात्र ही परीक्षा पिस्टन टोकाला असतानाची आहे. नळा मध्यावर चिरला असेल तर तो दोष तीत सापडत नाही.

आता उतरविण्याचे काम. यंत्र सपाट जागी, बकेट व बूम जमिनीवर पूर्ण टेकलेले, आणि तरीही बूमखाली मजबूत घोडे. हे "तरीही" आम्ही जाणून लिहितो. सिलिंडरची पिन ठोकून काढल्यावर बूमला धरणारे दुसरे काही उरत नाही. इंजिन बंद केल्यावर चावी चालू ठेवून दोन्ही लिव्हर चारी बाजूंना पुष्कळदा हलवावेत आणि टाकीचे झाकण हळूहळू सैल करावे, म्हणजे अडकलेला दाब उतरतो. होज सोडताच त्यांची तोंडे व सिलिंडरची तोंडे झाकणांनी बंद करावीत. चिंधी कोंबणे म्हणजे धागे तेलात सोडणे होय. मोठ्या यंत्राच्या सिलिंडरचे वजन दोन माणसांच्या आवाक्याबाहेरचे असते, तेथे चेन ब्लॉक लावावा आणि फुशारकी घरी ठेवावी.

बाकावर घेतल्यावर तेल काढून ग्लँड उघडावयाचा. कोणाचा ग्लँड आट्यांचा असतो, कोणाचा बोल्टांचा, कोणाचा आतल्या कड्याने अडविलेला. आट्यांच्या ग्लँडला आकड्याचा पाना पाहिजे. छिन्नी-हातोड्याने फिरविलेल्या ग्लँडचे तोंड आम्ही लांबूनच ओळखतो. ग्लँड निघत नाही म्हणून बंद सिलिंडरला गॅसची ज्योत लावू नये, आतले कोंडलेले तेल व वाफ स्फोट करू शकते. तसेच अडकलेला रॉड कॉम्प्रेसरच्या हवेने बाहेर काढण्याची युक्ती कोणी सुचविली तर त्यास बाहेरचा रस्ता दाखवावा. हवा दाबली जाते, साठून राहते, आणि रॉड सुटला की तो गोळीसारखा सुटतो. पिस्टनचा नट मोठ्या जोराने आवळलेला असतो व बहुधा बारीक स्क्रूने अडविलेलाही असतो. तो स्क्रू आधी शोधावा.

येथून आमच्या मते खरी दुरुस्ती सुरू होते. जुनी सीले ज्या क्रमाने व ज्या दिशेने निघाली त्याच क्रमाने स्वच्छ कागदावर मांडावीत, आणि नवी पिशवी फोडण्याआधी ती निरखून पाहावीत. ओठ एकाच बाजूने झिजला असेल तर रॉड वाकला आहे, गाइड रिंग संपली आहे, किंवा पिनेचे बुश अंडाकार झाले आहे. ओठावर उभे काप असतील तर रॉडवर किंवा नळ्यात ओरखडा आहे. सील काचेसारखे कडक होऊन तडकले असेल तर तेल फार तापत होते. साधे नायट्राइल रबर शंभर अंशांच्या आसपास हळूहळू जळू लागते, तेव्हा ऑइल कूलरची जाळी धुळीने भरली आहे काय ते पाहावे. सीलची पाठ उंदराने कुरतडल्यासारखी असेल तर दाबाने ते मागच्या फटीत घुसत होते, म्हणजे फट वाढली आहे, आधाराची रिंग गेली आहे, किंवा रिलीफ व्हॉल्व्ह कोणीतरी हौसेने आवळून ठेवला आहे. कडा काळ्या पडून जळल्यासारख्या दिसल्या तर तेलात हवा आहे. हवेचे बुडबुडे एकदम दाबले गेले की डिझेल इंजिनात होते तसा आत पेट घेतात. फुगून मऊ झालेले सील बहुधा चुकीच्या तेलाची साक्ष देते. ब्रेकचे तेल हायड्रॉलिक टाकीत पडल्यास नायट्राइल फुगते.

एका पोकलेनचे उदाहरण सांगतो. आर्मच्या सिलिंडरला एका हंगामात तीनदा सील पडले होते, तिन्ही वेळा निरनिराळ्या ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी आधीच्या कारागिराची निंदा झाली होती. आमच्याकडे आला तेव्हा तिसरे सील अजून नवे दिसत होते, फक्त एका बाजूचा ओठ धारदार होऊन गेला होता. रॉड डोळ्यांना सरळ दिसे. तो दोन व्ही-ब्लॉकांवर ठेवून डायल लावून फिरविला, तेव्हा काटा दीड मिलिमीटर हलला. डायलवर वाकाच्या दुप्पट आकडा दिसतो, म्हणजे खरा वाक पाऊण मिलिमीटर. एवढा वाक नजरेस दिसत नाही, सीलला मात्र प्रत्येक फेरीत जाणवतो. ऑपरेटरास विचारता कळले की रॉड पुरता बाहेर असताना बकेटने मोठा धोंडा रेटण्याची त्याला सवय होती. लांब बाहेर आलेला रॉड रेटण्यास सर्वांत दुबळा असतो. रॉड प्रेसवर सरळ करून, पुन्हा मापून, मगच चौथे सील टाकले. त्या ऑपरेटरला दोष देण्यात अर्थ नाही. ही गोष्ट त्यास कोणी सांगितलीच नव्हती.

रॉडविषयी आणखी सांगितले पाहिजे. त्याची चकाकी म्हणजे हार्ड क्रोमचा मुलामा, आणि त्याची जाडी साधारण २० ते ३० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या निम्म्याहूनही कमी. एकदा तो फुटला की खालचे पोलाद गंजते, गंजाने फुगलेल्या कडा कानशीसारख्या होतात आणि सील किसून काढतात. बोटाचे नख रॉडवरून लांबीच्या दिशेने फिरवावे. नख अडकले तर सीलही अडकणार. बारीकसा उंचवटा तेलाच्या दगडाने उतरविता येतो, पण दगड व पॉलिश पेपर रॉडच्या भोवती फिरवावा, लांबीने कधीही ओढू नये. लांबीच्या रेघा म्हणजे तेलाला बाहेर जाण्यासाठी खोदलेले पाट. खड्डे जास्त असतील तर रॉड घासून, पुन्हा क्रोम चढवून, पुन्हा ग्राइंडिंग करून घेण्यावाचून उपाय नाही. नळ्याच्या आतले हलके ओरखडे होनिंगने जातात. खोल चर असेल तर होनिंग करीत बसल्याने भोक मोठे होते आणि सील सैल पडते, तेव्हा नळा बदलणेच स्वस्त.

या बाबतीत आमच्या मुलखाचे दोन शत्रू विशेष आहेत. एक जांभ्याची लाल धूळ, जी वायपरच्या ओठाखाली जाऊन तेलाबरोबर घासण्याची लाही बनविते. दुसरा पावसाळा. २०१२ साली गोव्यातील लोहखनिजाचे उत्खनन थांबले, पुढे सुरू होऊन २०१८ साली पुन्हा थांबले; त्या काळात कितीतरी यंत्रे उघड्यावर उभी राहिली. ज्यांचे रॉड बाहेर होते ते समुद्राकडच्या दमट हवेत ठिपक्याठिपक्यांनी गंजले. यंत्र फार दिवस उभे ठेवावयाचे असेल तर शक्य तेवढे रॉड आत घेऊन ठेवावे, जे बाहेर राहतील त्यांना ग्रीस फासावे, आणि यंत्र पुन्हा चालू करण्याआधी ते जुने ग्रीस पुसून टाकावे, कारण त्यावर धूळ चिकटलेली असते.

नवी सीले बसविताना हात व बाक स्वच्छ हवेत. नग यंत्राच्या नंबरावरून आणला असला तरी खाच मापून घ्यावी. जुन्या यंत्राचा ग्लँड कोणी कधी बदलला असेल सांगता येत नाही. माप बाजारात मिळत नसेल तर हल्ली सी. एन. सी. लेथवर हव्या त्या मापाचे सील कापून मिळते. रॉड सीलचा ओठ दाबाकडे म्हणजे आत, वायपरचा ओठ धुळीकडे म्हणजे बाहेर. आधाराची रिंग दाबाच्या विरुद्ध बाजूस. सील कोमट हायड्रॉलिक तेलात थोडा वेळ ठेवून, काजूच्या बीसारखे दुमडून, बोटांनी खाचेत सोडावे. स्क्रू ड्रायव्हरने ढकललेल्या सीलच्या ओठावर जो बारीक काप पडतो तो पुढे कारखान्याच्या दोषात मोजला जातो. पिस्टनवरील टेफ्लॉनची रिंग गरम तेलात ताणून बसवावी लागते आणि नंतर पट्टा आवळून मूळ मापावर आणावी लागते. रॉडच्या आट्यांवरून ग्लँड सरकविताना आट्यांवर टेप गुंडाळावी, नाहीतर सगळी मेहनत शेवटच्या दोन इंचांत वाया जाते. पिस्टनचा नट पुस्तकात दिलेल्या जोरानेच, टॉर्क पान्याने आवळावा; तो सुटला तर पिस्टन नळ्यात राहतो आणि रॉड रिकामा बाहेर येतो.

सिलिंडर यंत्रावर चढविल्यावर पिना व बुश तपासून ग्रीस भरावे, टाकीतील तेल पुरे करावे, आणि इंजिन मंद ठेवून रॉड पाच-सहा वेळा सावकाश, टोकापर्यंत न नेता, आतबाहेर करावा. आतली हवा निघून गेल्याशिवाय पुरा जोर देऊ नये. नव्या सीलाचा पहिला घास याच हवेच्या पेटण्याने होतो. नंतर टोकापर्यंत न्यावे, रॉड कोरडा पुसावा, तेलाची पातळी पुन्हा पाहावी. पहिल्या पाळीनंतर ग्लँडभोवती बोट फिरवून पाहावयाचे ते इंजिन बंद करून, बकेट जमिनीवर टेकवून आणि दाब उतरवूनच. बोटाला पुसट ओल लागली तर काम जमले. थेंब आला तर जुनी सीले मांडलेला तो कागद अजून फेकलेला नसावा.